फॉरमॅट मारला तरी ॲड येतातच

एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसमधून फोन आला, तोही २० तारखेला, म्हणजे जीएसटीआर-३बी (दर महिन्याचं जीएसटी रिटर्न) भरायची शेवटची तारीख. रिटर्न भरायला घेतलं की मध्येच नवीन टॅब उघडतो, तुमच्या पीसीत व्हायरस आहे, तुम्हाला आयफोन लागलाय, असलं काहीतरी. आधीच्या माणसाने फॉरमॅट मारून दिलेला, पण लगेच परत तेच. आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात निम्म्या लोकांना फॉरमॅटशिवाय दुसरं औषधच माहीत नाही. टॅली, प्रिंटर, डिजिटल सिग्नेचरचा ड्रायव्हर सगळं परत टाकत बसायचं ते ऑफिसवाल्यांनी.

ॲडव-क्लीनर, म्हणजे ॲड आणणारी घाण शोधून काढणारं सॉफ्टवेअर, चालवलं, काही नाही. मग ऑटोरन्स, म्हणजे पीसीत आपोआप काय काय चालू होतं ते दाखवणारं टूल, त्यात स्टार्टअप आणि शेड्युल्ड टास्क एकेक ओळ बघितली, स्वच्छ. विंडोज नुकतंच टाकलेलं, असणार तरी काय. मग क्रोमची नवी प्रोफाइल केली, ॲड बंद. त्यात ऑफिसचं जीमेल लॉगिन केलं (पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेलाच होता) आणि नुसता बघत बसलो. आधी बुकमार्क आले, मग सेव्ह केलेले पासवर्ड, आणि जरा वेळाने वर कोपऱ्यात पीडीएफचं वर्ड करून देणारं एक एक्स्टेंशन (क्रोममध्ये वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) आपोआप येऊन बसलं. परमिशन काय, तर सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे. म्हणजे घाण मशीनमध्ये नव्हतीच, अकाउंटमध्ये होती, लॉगिन केलं की सगळं उतरवून घेणाऱ्या क्रोमच्या सिंकने दर वेळी परत येत होती. हार्ड डिस्क बदलली असती तरी आली असती.

पण ऑफिसात कोणी टाकलं म्हणावं तर सगळे कानावर हात. बुकमार्क बारवर पोलीस भरती सराव पेपरच्या लिंका होत्या, त्यावरून तिथल्या पोरांची आधीच एकमेकांत भांडणं झालेली. गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइसची यादी काढली तर त्यात ऑफिसचा नसलेला एक पीसी, कालपर्यंत चालू. सरांनाच आठवलं, लॉकडाऊनमध्ये घरून काम करणाऱ्या एक मॅडम होत्या, नोकरी सोडून बराच काळ झाला. फोन केला तर त्या म्हणतात, "अहो सर, भाऊ वापरतो तो पीसी. आणि आमच्याकडे पण ॲडनी वैताग आणलाय."

एक्स्टेंशन काढलं, पासवर्ड बदलला, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावलं, तो पीसी साइन आऊट केला. ते सोपं होतं. पण एवढे दिवस क्लायंटचे जीएसटी, इन्कम टॅक्सचे पासवर्ड, एक-दोघांचं तर नेट बँकिंगसुद्धा, सगळं त्या घरच्या क्रोममध्ये सिंक होऊन पडलेलं, आणि वर ते एक्स्टेंशन वाचायला बसलेलं. त्याने काय नेलं, काही नेलं का, हे कळायला मार्ग नाही. त्या घरच्यांचा काही दोष नाही, त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं. मी सरांना म्हटलं, आजच्या आज सगळ्या क्लायंटचे पासवर्ड बदलायला सांगा. तर म्हणे, "अरे आज वीस तारीख आहे, आणि असं क्लायंटला सांगितलं तर राहील का तो आपल्याकडे? बघू पुढच्या आठवड्यात."

मी परत दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "बघू".

आणि बिल दिलं तर म्हणे, "फॉरमॅट तर मारला नाहीस, मग एवढे कसले?"