ओम्नीतला उन्हाळा: अकोला आणि आंजर्ले

मे महिन्यात आम्ही ओम्नीत, म्हणजे मारुतीच्या छोट्या व्हॅनमध्ये झोपतो म्हटलं की अकोल्यातले लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग हिच्याकडे, जरा जास्तच सहानुभूतीने. जुनी पांढरी ओम्नी, मागची सीट दुमडून वर प्लायची फळी, फळीवर गादी. दोघंही निवृत्त, त्यामुळे कुठे वेळेत पोचायचं नसतं. एसी नाही आणि बसवायचाही नाही. माझी लिथियम बॅटरी 12.8 व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची, म्हणजे 1280 वॅट-तास. एक टनाचा एसी ती तास-सव्वा तासात संपवेल. बारा व्होल्टचा पंखा 18 वॅटचा आहे. तो रात्रभर फिरला तरी पावणेदोनशे वॅट-तासांच्या आत भागतं आणि छतावरचं 100 वॅटचं पॅनल उन्हाळ्यात दिवसाला चारशेच्या आसपास परत भरतं.

पॅनल मी कॅरिअरवर, पत्र्यापासून चार बोटं उंच बांधलंय. वीज मिळते ती मिळतेच, पण खरा फायदा सावलीचा. मेमध्ये सूर्य थेट डोक्यावर येतो (नागपुरात शून्य सावलीचा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात असतो), म्हणून दुपारी गाडीच्या बाजूंपेक्षा छत जास्त भाजतं. पॅनलने न झाकलेल्या भागावर रोपवाटिकेत लावतात तसली हिरवी शेडनेट ताणली आहे. तिच्या आणि पत्र्याच्या मधून वारा जायला हवा. पत्र्याला चिकटवून टाकली तर तिचा निम्मा उपयोग गेला.

काचांचंही तेच. चकचकीत पडदे आतून लावलेल्या गाड्या खूप दिसतात. काचेतून ऊन आत आलं, पडद्यावर आपटलं, की त्यातली बरीच उष्णता आतच राहते. आमच्याकडे समोरच्या काचेवर जाड पांढरं कापड बाहेरून असतं, कडा दारांत चिमटलेल्या. गाडीचं तोंड शक्यतो पूर्वेला, म्हणजे तीन ते सहाचं उतरतं ऊन त्या मोठ्या काचेवर येत नाही. आणि झाड निवडून घ्यावं. कडुनिंब सगळ्यात चांगला, चिंचही चालते. साग नको, ऐन उन्हाळ्यात त्याला पानच नसतं. आंब्याखाली सावली गार, पण चिकाने टप खराब होतो आणि कैरी पडली की हिला हार्टअटॅक येतो.

ओम्नीवाल्यांना आणखी एक सांगायचं. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. दिवसभर गाडी चालवून लगेच झोपायला गेलात तर तव्याशेजारी झोपल्यासारखं होतं. आम्ही सूर्यास्ताआधी थांबतो, पुढची दोन्ही दारं उघडी टाकतो, स्वयंपाक बाहेर करतो आणि झोपताना डोकं मागच्या दाराकडे घेतो.

आता मुख्य गोष्ट. विदर्भातला उकाडा आणि कोकणातला उकाडा हे दोन वेगळे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर त्रास वाढतो.

इकडे दुपारी 43 अंश असतं, हवा कोरडी. अशा वेळी काचा उघडून पंखा लावणं म्हणजे अंगावर लू घेणं. म्हणून दुपारी काचा बंद, सगळं झाकलेलं, आणि कूलर चालू. छोटा कूलर मी बादलीवर घरीच केला: तीन बाजूंना वुडवूल (कूलरच्या जाळीत भरतात तो लाकडाचा किस), पाच वॅटचा पंप, पुढे तोच पंखा. वाळा घातला तर वास छान येतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना साधारण 670 वॅट-तास उष्णता ओढून घेतं, म्हणजे माझ्या अख्ख्या बॅटरीच्या निम्म्याहून जास्त, तीही नळाच्या पाण्यातून. हवेत 15 टक्के आर्द्रता असेल तर पाण्याच्या जोरावर 43 अंशांची हवा जास्तीत जास्त 23च्या आसपास उतरू शकते. माझी बादली तिला 29-30वर आणते, आणि तेवढं खूप झालं. कूलर काचेच्या फटीला लावून बाहेरची हवा ओढायची आणि विरुद्ध बाजूची काच चार बोटं उघडी ठेवायची. वुडवूल देणारा मिस्त्री म्हणाला होता, "काका, हवा बाहेर निंगू द्या, नाहीतर आत नुसता दमटपणा साचते." रात्री दहानंतर बाहेरची हवा जरा निवळली की सगळं उलटं: काचा उघड्या, जाळ्या लावलेल्या.

हीच बादली कोकणात, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर नेली तर काही कामाची नाही. तिथे पारा 34 दाखवतो आणि आम्ही विदर्भातले लोक हसतो, पण आर्द्रता सत्तर टक्के असली की पाणी कितीही उडवा, 29च्या खाली हवा जात नाही. बादली तर तिथवरही पोचत नाही, वर घाम वाळायचा थांबतो. कोकणात एकच उपाय: वारा, सतत, थेट अंगावर. मधल्या सरकत्या काचेच्या मापाची प्लायची पट्टी कापून तिच्यात कॉम्प्युटरचे 120 मिलिमीटरचे दोन पंखे बसवलेत, बाहेर फेकणारे. विरुद्ध बाजूची, सावलीकडची काच उघडी. छताला भोक पाडून मोठा पंखा बसवा असं अनेकजण सुचवतात. पण गाडीच्या रचनेत फेरफार म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आलं, आणि जुलैत तिथून पाणी गळलं तर निस्तरायचं कुणी?

किनाऱ्यावर गाडी मात्र पूर्वेला तोंड करून लावत नाही. उत्तर-दक्षिण लावतो, म्हणजे एक सरकतं दार समुद्राकडे, एक जमिनीकडे. दुपारी खारे वारे पश्चिमेकडून आत येतात, रात्री उशिरा मतलई वारे जमिनीकडून सुटतात. दोन्हींच्या मधे तास-दोन तास हवा अगदी थांबते. मच्छरदाणीत तर जास्तच. तेव्हा कॉम्प्युटरचे पंखे पुरत नाहीत. 18 वॅटचा पंखा जाळीच्या आत, पायाशी ठेवावा लागतो.

आणि नारळाखाली कधी लावू नका. सावली विरळ असते, शिवाय नारळ टपावर पडला तर पॅनल गेलंच.