गेमिंग माऊस घ्यावा का? भाच्याची मागणी आणि माझे टेबल

गेल्या भाऊबीजेला नाशिकच्या इंदिरानगरला बहिणीकडे गेलो असता, ओवाळून होताच एकोणीस वर्षांच्या भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मामा, आईला काय द्यायचं ते दे, पण मला हा माऊस हवा आहे." किंमत होती साडेअकरा हजार रुपये. बहिणीने स्वयंपाकघरातूनच सुनावले की तेवढ्या पैशांत शेगडी आणि मिक्सर दोन्ही येतात. मी मात्र लगेच नकार दिला नाही, कारण अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका टूलरूममध्ये जिग-फिक्स्चरची, म्हणजे यंत्रावर काम नेमक्या जागी पकडून ठेवणाऱ्या साधनांची, ड्रॉइंगे काढण्यात माझा दिवस जातो आणि रोज आठ-नऊ तास माझ्या उजव्या हाताखाली माऊसच असतो. शिवाय २००३-०४च्या सुमारास कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत आम्ही मित्र काउंटर स्ट्राइक हा नेमबाजीचा खेळ खेळत असू, तेव्हा माऊसचे झाकण उघडून आतील गोळा पुसणे आणि रुळांवर साचलेला मळ नखाने खरवडणे ही खेळापूर्वीची पूजाच होती. त्यामुळे माऊसच्या चांगल्या-वाईटाने फरक पडतो, हे मला कुणी पटवून देण्याची गरज नव्हती. प्रश्न एवढाच होता की तो फरक किती रुपयांपर्यंत पडतो.

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा डीपीआयचा असतो, म्हणून सुरुवात तेथूनच केली. माऊस टेबलावर एक इंच सरकला असता तो संगणकाला किती पावले सरकल्याचे कळवतो, एवढाच या आकड्याचा अर्थ आहे. भाच्याच्या पडद्याची रुंदी १,९२० पिक्सेल आहे. ८०० डीपीआयवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यास २.४ इंच, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटर हात हलवावा लागतो. १२,००० डीपीआयवर तेच काम चार मिलिमीटरमध्ये होते आणि २५,६०० डीपीआयवर दोन मिलिमीटरदेखील लागत नाहीत. श्वास घेताना मनगट जेवढे हलते, तेवढ्यात पडदा संपून जावा, अशी सोय कोणाला हवी आहे? नेमबाजीचे खेळ व्यवसाय म्हणून खेळणारे बहुतेक खेळाडू ४०० ते १,६०० या पल्ल्यातच माऊस ठेवतात. मी स्वतः पट्टी टेबलाला चिकटवून, तिच्या कडेने माऊस एक इंच सरकवून पिक्सेल मोजले, तेव्हा कार्यालयातील साडेतीनशे रुपयांचा माऊसही सुमारे हजार पावले नोंदवत होता. आकड्याच्या दृष्टीने तो माझ्या गरजेला पुरेसाच होता.

दुसरा आकडा आहे पोलिंग रेटचा, आणि त्यात थोडे तथ्य आहे. साधा यूएसबी माऊस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी आपली हालचाल कळवतो. गेमिंग माऊस १,००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. आणि भाच्याने दाखवलेल्या महागड्या वर्गात आता ८,००० वेळा कळवणारेही आहेत. १२५वरून १,०००वर आल्याने सरासरी तीन-चार मिलिसेकंद वाचतात. ते कमी नाहीत, परंतु भाच्याचा लॅपटॉप ६० हर्ट्झचा आहे, म्हणजे त्याच्या पडद्यावर नवे चित्रच मुळी १६.७ मिलिसेकंदांनी येते, आणि डोळ्यांनी पाहून बोट दाबण्यास माणसाला साधारण दोनशे मिलिसेकंद लागतात. त्याच्या मित्राचा महागडा माऊस आम्ही एका रविवारी उसना आणला. मी त्याला न सांगता पोलिंग रेट बदलत राहिलो आणि त्याने खेळून ओळखायचे, असे ठरले. १२५ आणि १,०००मधील फरक त्याने दहापैकी सात वेळा ओळखला. १,००० आणि ८,०००मध्ये मात्र दहापैकी पाच, म्हणजे नाणे उडवून जेवढे मिळतील तेवढेच. दहा वेळांच्या प्रयोगाला मी पुरावा म्हणणार नाही, पण साडेअकरा हजारांचा आग्रह त्या दुपारी थोडा ढिला झाला, हे खरे.

वजनाचीही एक गंमत आहे. लॉजिटेकच्या जी५०२ हिरोसोबत ३.६ ग्रॅमच्या पाच वजनांची डबी मिळते; मूळचा १२१ ग्रॅमचा माऊस आपल्या आवडीनुसार आणखी जड करता यावा, ही त्यामागची कल्पना. त्याच कंपनीने २०२०मध्ये ६३ ग्रॅमपेक्षा हलका सुपरलाइट काढला आणि तो कितीतरी महाग विकला. आधी वजन घालण्याचे पैसे घेतले, मग काढण्याचे. तरीही दिवसभर काम करणाऱ्या मनगटाला हलका माऊस मानवतो, असा माझा अनुभव आहे. ऐंशी-नव्वद ग्रॅमच्या खाली उतरण्यासाठी मात्र मी जादा पैसे मोजणार नाही.

फुकटात किंवा दोनशे रुपयांत होणाऱ्या दोन सुधारणा आधी कराव्यात. आपल्याकडे कार्यालयातील टेबलावर काच असते आणि काचेखाली कॅलेंडर, फोन नंबरांची यादी आणि सप्तशृंगी देवीचा फोटो असतो. ऑप्टिकल माऊसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो. तो पृष्ठभागाची सेकंदाला हजारो चित्रे घेऊन, मागच्या चित्राच्या तुलनेत पुढचे किती सरकले, यावरून हालचाल ठरवतो. काचेवर त्याला पकडण्यासारखा कणच दिसत नाही, म्हणून बाण उड्या मारतो आणि आपण माऊसला शिव्या देतो. कापडी पॅड टाकल्यावर माझा साडेतीनशेचा माऊसही शहाण्यासारखा वागू लागला. दुसरी सुधारणा विंडोजमधील 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण काढून टाकण्याची आहे. नावात अचूकता असली, तरी ती चालू असताना हात वेगाने हलवला तर बाण जास्त लांब जातो आणि सावकाश हलवला तर कमी. त्यामुळे किती अंतरासाठी हात किती हलवायचा, ही सवय हाताला लागतच नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर ती खूण दोन वर्षे तशीच होती. ती काढल्यावर पहिले चार दिवस तो माझ्यावर चिडला होता, पाचव्या दिवशी त्याने स्वतःच फोन केला.

आता ज्या मुद्द्यापायी मी स्वतः गेमिंग माऊसकडे वळलो, त्याकडे येतो. तीन वर्षांपूर्वी मी एका नामांकित कंपनीचा, दिसायला देखणा असा माऊस कामासाठी घेतला होता. दोन वर्षे आणि दोन महिन्यांनी त्याचे डावे बटण एकदा दाबले की दोनदा उमटू लागले. हमी दोन वर्षांचीच होती, त्यामुळे सेवा केंद्राने नवा घेण्याचा सल्ला दिला. खेळात यामुळे एका गोळीच्या दोन होतात. ड्रॉइंग काढण्याच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये त्याहून वाईट होते, कारण रेषा काढताना एकाच बिंदूवर दोन क्लिक पडले की शून्य लांबीची रेषा तयार होते. ती डोळ्यांना दिसत नाही, परंतु फाइल वायरकटच्या, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या यंत्राच्या, प्रोग्रामिंगला गेली की तेथील माणूस फोन करून विचारतो, "साहेब, हे काय पाठवलंय?" त्या काळात प्रत्येक ड्रॉइंग पाठवण्यापूर्वी एकावर एक पडलेल्या जादा रेषा काढून टाकणारी ओव्हरकिलची कमांड चालवण्याची सवय मला लागली, ती आजही सुटलेली नाही.

बटणाखालील स्विचमध्ये धातूची एक पातळ पट्टी असते. ती खालच्या टोकावर आदळते, तेव्हा टप्पा पडलेल्या चेंडूप्रमाणे काही क्षण उसळते, आणि त्या उसळ्या वेगवेगळे क्लिक म्हणून मोजल्या जाऊ नयेत, म्हणून माऊसमधील प्रोग्राम काही मिलिसेकंद थांबून मगच क्लिक मान्य करतो. पट्टी थकली किंवा टोकावर काळपटपणा चढला की उसळणे लांबते, थांबण्याची मुदत अपुरी पडते आणि एकाचे दोन होतात. कोटी-कोटी क्लिकची आयुर्मर्यादा सांगितली जाते, ती तुमच्या टेबलावर लागू होईलच असे नाही. मी एक दिवस मोजणीचा लहानसा प्रोग्राम चालवून पाहिला, तर डावे बटण ४,२०० वेळा दाबले गेले होते. त्या हिशेबाने, वर्षाला कामाचे तीनेकशे दिवस धरले तर, एक कोटी क्लिक मला जवळपास आठ वर्षे पुरायला हवे होते. काही गेमिंग माऊसमध्ये आता धातूच्या संपर्काऐवजी प्रकाशाचा झोत अडवून किंवा मोकळा करून क्लिक ओळखणारे ऑप्टिकल स्विच येतात. तेथे उसळण्यास धातूचा संपर्कच नसल्यामुळे हा दोष उद्भवत नाही. माझ्या मते गेमिंग माऊसमध्ये जादा पैसे देण्यासारखी एखादी गोष्ट असेल, तर ती ही आहे. खोक्यावर मात्र ती अगदी बारीक अक्षरांत असते.

बाजूच्या दोन बटणांचाही मला खेळाडूंपेक्षा अधिक उपयोग होतो. एकावर एस्केप आणि दुसऱ्यावर डिलीट ठेवल्यापासून डावा हात कीबोर्डच्या कोपऱ्यांकडे धावत नाही. यासाठी माऊसमध्येच बटणांची मांडणी साठवण्याची सोय आहे का, हे पाहून घ्यावे, कारण कार्यालयाच्या संगणकावर कोणतेही सॉफ्टवेअर टाकण्यास परवानगी नसते. घरी एकदा मांडणी करून माऊस खिशात घालून न्यायचा. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग सरकवण्यासाठी चाक दाबून धरावे लागते, त्यामुळे चाकाचा कडकपणा मला डीपीआयपेक्षा शंभरपट महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कोणत्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो.

म्हणूनच माऊस हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये. मी एका शनिवारी महात्मा गांधी रोडवर तीन दुकाने फिरलो. पहिल्या दोन ठिकाणी सीलबंद खोकी होती, तिसऱ्याने काउंटरवरचे पाच-सहा माऊस धरू दिले आणि वर विचारले, "पंजा पूर्ण टेकवून धरता की बोटं वाकवून?" मी पंजा टेकवून धरतो, असे मला त्या दिवशी कळले. भाचा बोटे वाकवून धरतो, आणि त्याने पसंत केलेला साडेअकरा हजारांचा माऊस त्याच्या हाताला लांब पडत होता. वायरलेस घ्यायचा असेल तर ब्लूटूथवर न विसंबता स्वतंत्र डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर, असलेला घ्यावा. लॉजिटेकचा जी३०४ हा १२,००० डीपीआयचा माऊस एका एए सेलवर २५० तास चालतो, म्हणजे माझ्या नऊ तासांच्या दिवसाला जवळपास महिनाभर; मी तरीही वायरचाच घेतला, कारण ऐन काम सुरू असताना सेल शोधत बसणे मला जमणार नाही.

अखेरीस मी १,९०० रुपयांचा माऊस घेतला आणि तो माझ्यासाठी पैसे वसूल ठरला आहे. केवळ मेल, एक्सेल आणि अधूनमधून पत्ते खेळणाऱ्याने यातले काहीही घेऊ नये. त्याने पॅड घ्यावे. ज्याच्याकडे १४४ हर्ट्झचा किंवा त्याहून वेगवान पडदा आहे आणि जो रोज काही तास नेमबाजीचे खेळ खेळतो, त्याने तीन-चार हजारांपर्यंत जाण्यास माझी हरकत नाही. त्यापुढचे पैसे मला वजन कमी करण्याचे आणि नावाचेच दिसतात. जुन्या माऊसचे दोन्ही स्विच एका दुरुस्तीवाल्याने दीडशे रुपयांत बदलून दिले. तो आता बहिणीच्या संगणकाला आहे.

भाच्याला दीड हजारांचा, बोटे वाकवून धरण्याजोगा लहान माऊस आणि मोठे कापडी पॅड दिले. उरलेल्या पैशांत थोडी भर घालून १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यावा, असे आमच्या दोघांत ठरले आहे. बहिणीकडे तो विषय अजून कुणी काढलेला नाही.