मध्येच इंजिन का बदललंत? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या ऑनलाइन कॅरमबद्दल लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, गेम अर्धा झाला असताना युनिटी सोडून गोडोवर का गेलात? (दोन्ही गेम इंजिनं, म्हणजे ज्यात गेम बनवतात ती सॉफ्टवेअरं.) दुसरा जरा कुत्सित असतो, की ज्या फीमुळे गेलात ती तर युनिटीने रद्द केली, मग आता पस्तावताय का? इथे ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या चहाच्या टपरीपासून घोडबंदरच्या नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना मी तुकड्यातुकड्यांत उत्तरं दिलीयत. ती एकमेकांशी जुळत नाहीत असं माझा गेममधला पार्टनर म्हणतो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

फीचं आधी संपवू. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून इन्स्टॉलमागे पैसे लागतील. फुकटच्या प्लॅनवाल्यांना वर्षाची कमाई २ लाख डॉलर आणि एकूण इन्स्टॉल २ लाख, हे दोन्ही पार झाल्यावर पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला २० सेंट. आमचे सगळे खेळाडू गडकरी रंगायतनात बसवले असते तरी मागच्या रांगा रिकाम्या राहिल्या असत्या. म्हणजे फीचा आम्हाला एक रुपयाही बसणार नव्हता, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. २२ तारखेला त्यांनी नियम बरेच सैल केले, ऐन गौरी-गणपतीत, तोवर मी गोडोत बोर्ड काढून सोंगट्या मांडल्यासुद्धा होत्या.

मग का गेलो? सर्व्हरसाठी. तोपर्यंत जो फोन शॉट मारायचा तोच सोंगट्या कुठे थांबल्या ते ठरवायचा आणि समोरच्याला कळवायचा, म्हणजे चीटिंगला रान मोकळं. मला हिशोब सर्व्हरवर हवा होता. गोडो भाड्याच्या लिनक्स मशीनवर स्क्रीनशिवाय चालतं, एमआयटी लायसन्स आहे, म्हणजे फुकट आणि मोकळं, कितीही मशीन लावा, कोणाला विचारायला नको. आता लगेच म्हणाल की युनिटीतही डेडिकेटेड सर्व्हर बिल्ड, म्हणजे गेमची फक्त सर्व्हरवर चालणारी आवृत्ती, होतंच की. होतं. पार्टनरही हेच म्हणत होता. मी ग्रुपवर लिहिलं होतं, 'दिवाळीपर्यंत होऊन जाईल, टूडीच तर आहे'. तो मेसेज त्याने स्टार करून ठेवलाय.

दिवाळी गेली, होळी गेली. पुढच्या गणपतीत, २०२४ ला, चरईतल्या एका मंडळात आम्ही नवीन बिल्ड लोकांच्या हातात दिलं. मंडपामागच्या खोलीत दरवर्षी कॅरमची टूर्नामेंट असते, तिथेच. बाबांचे एक मित्र आहेत, तरुणपणी क्लबकडून खेळलेले, त्यांना मी फोन दिला. काकांनी ब्रेक मारला. एक सोंगटी कडेला आपटून परत आली, समोरच्या कडेला आपटली, पुन्हा परत. काका काही बोलले नाहीत. दुसरा शॉट हळू मारला, सोंगटी पॉकेटच्या अलीकडे थांबायला हवी होती ती सरकत सरकत जाऊन पडली. त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, कडा रबराच्या आणि बोर्ड पावसातल्या लादीसारखं निसरडं. हे कॅरम नाही." मी म्हटलं काका, आधीचं आवडलं होतं ना तुम्हाला, सगळे आकडे तेच आहेत. "आकडे असतील. सोंगटी तीच नाहीये." पोरं हसली. माझे कान तापले, आणि खरं सांगते, मी मनात म्हटलं की म्हाताऱ्याला टच स्क्रीन जमत नाही.

त्याच रात्री, बाहेर ढोल चालू असताना, तिथेच जिन्यावर लॅपटॉप उघडून बसले. आकडे खरंच तेच होते. पण युनिटीचं टूडी फिजिक्स, म्हणजे वस्तू कशा सरकतात-आपटतात त्याचा हिशोब, बॉक्सटूडी नावाच्या तयार कोडवर चालतं, त्यात सोंगटीचा बाउन्स आणि कडेचा बाउन्स यातला मोठा धरतात. गोडो दोन्हींची बेरीज करतं आणि १ च्या वर गेली तर १ धरतं. आमचे दोन्हीकडे ०.६. तिकडे ०.६, इकडे १, म्हणजे कड जोर खातच नव्हती. वर युनिटी डिफॉल्टला सेकंदाला ५० वेळा हिशोब करतं, गोडो ६० वेळा, आणि गोडोच्या प्रोजेक्ट सेटिंगमधला ०.१ डॅम्पिंग (वेग हळूहळू कमी करणारा आकडा) आपल्या आकड्यात गुपचूप मिळवला जातो. हे सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये किंवा सोर्समध्ये आहे, कोणी लपवलेलं नाही.

पण काकांची दुसरी तक्रार, निसरडं बोर्ड, ती यातल्या कशानेच सुटत नव्हती. खऱ्या बोर्डवर पावडर टाकल्यावर सोंगटीचा वेग एकसारखा कमी होत जातो आणि ती थांबते, पटकन. डॅम्पिंगमध्ये वेगाच्या प्रमाणात ब्रेक लागतो, म्हणजे जोरातली सोंगटी सुरुवातीलाच दमते आणि हळूवाली रेंगाळत राहते. युनिटीतही तेच होतं! तिथे आम्ही वेग एका मर्यादेखाली गेला की जबरदस्तीने थांबवायचो, आणि ते इतकं घासून बसवलं होतं की काकांनाही कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात, १२ सप्टेंबर २०२४ ला, युनिटीने फी पूर्ण रद्द केली. पार्टनरने मला बातमी पाठवली, खाली फक्त 'चल परत?' जुना प्रोजेक्ट तसाच होता, काकांना आवडलेला बोर्ड होता त्यात. मी दोन दिवस उत्तरच दिलं नाही.

नाही गेलो. १९ सोंगट्या आणि एक स्ट्रायकर, सगळे गोल, चार सरळ कडा, एवढ्यासाठी इंजिनचं फिजिक्स कशाला पाहिजे म्हणून मी ते स्वतः लिहिलं, पूर्णांकात, दशांश नाहीच, म्हणजे स्वस्तातला अँड्रॉइड असो नाहीतर सर्व्हर, उत्तर शेवटच्या अंकापर्यंत एकच. फोन आता फक्त कोन आणि जोर पाठवतो. गोडो फक्त चित्र काढतं आणि आवाज वाजवतं. काका खेळतात, राणी कव्हर झाली की स्क्रीनशॉट पाठवतात.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहितीये, कारण पार्टनर तोच विचारतो. फिजिक्स शेवटी स्वतःच लिहायचं होतं तर ते युनिटीत राहूनही लिहिता आलं असतं, मग मधलं वर्ष कशाला घालवलं? मी म्हणते, तिथे सोंगटी बरी चालत होती, ती उघडून बघायची गरज कोणाला वाटली असती? तो म्हणतो, चीटिंग बंद करायला बसलो असतो तेव्हा वाटलीच असती. मी म्हणते, तेव्हा आपण वरून अजून एक ठिगळ लावलं असतं. तो म्हणतो, तू लावलं असतंस, मी नाही. परवा ऐरोलीला एकाला भेटायला जाताना लोकलमध्ये यावरून इतकं भांडलो की स्टेशन मागे राहिलं आणि रबाळ्याहून परत यावं लागलं.