बाईंचं कपाट, आजीची वाटी

शाळेत समुपदेशक आणि घरात सगळ्यांची आजी असलेली बाई गेली, की वर्षश्राद्धापर्यंत तिच्यावर छोटी स्मरणिका काढायचं घरात ठरतं. गणिताच्या बाईंवर अशी पुस्तिका काढणं सोपं. त्यांचं काम फळ्यावर, अख्ख्या वर्गासमोर चालतं. समुपदेशकाचं काम दार लोटून चालतं, आणि ते जितकं नीट झालेलं असतं तितकं कुणाला कळलेलं नसतं. म्हणून काय छापायचं याच्याआधी काय छापायचं नाही ते ठरवावं लागतं, आणि त्याची सुरुवात कपाटापासून होते.

कपाटात सहसा तीन प्रकारचे कागद निघतात. मुलांच्या नोंदींच्या वह्या, मानसशास्त्रीय चाचण्यांच्या पुस्तिका-उत्तरपत्रिका आणि बाईंचे स्वतःचे कागद. यातला शेवटचा गठ्ठा घरचा. पहिले दोन घरचे नाहीत. ‘आजीने काय लिहिलंय बघू तरी’ म्हणूनसुद्धा ते उघडू नयेत. वहीवरचं साल बघावं, गठ्ठे बांधावेत आणि मुख्याध्यापकांना किंवा शाळेच्या आताच्या समुपदेशकाला कळवावं. एखाद्या नोंदीचा पोलिसांशी किंवा कोर्टाशी संबंध असू शकतो, त्यामुळे परस्पर नष्टही करू नयेत. शाळा घ्यायला तयार नसेल तर त्याच पेशातल्या जाणत्या माणसाला दाखवून मग पुढचं. रद्दीत तर मुळीच देऊ नयेत. रद्दीतल्या वहीचं पान पुडी होऊन त्याच गावात फिरतं. नष्ट करायचंच ठरलं तर कागद उभे-आडवे बारीक फाडून रात्रभर बादलीत भिजत घालावेत आणि सकाळी कुस्करून लगदा करावा. नुसतं भिजवून भागत नाही, बॉलपेनची शाई पाण्याने जात नाही. चाचणीच्या पानांचा फोटो ‘बाईंची साधनं’ म्हणून स्मरणिकेत टाकायचा मोह होतो. टाकू नये. प्रश्न बाहेर फुटले की ती चाचणी पुढच्या मुलांसाठी निकामी. पालकांनी पाठवलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकणं हाही त्यातलाच प्रकार.

आता बाईंचे स्वतःचे कागद. इथे पहिली अडचण नावाची. प्रमाणपत्रांवर माहेरचं नाव, सेवापुस्तिकेत सासरचं, शाळेच्या वार्षिक अंकात नुसतं आडनाव आणि पुढे ‘बाई’, घरात माई किंवा मोठी काकू. शाळेत जुने कागद मागताना ही सगळी नावं एका चिठ्ठीवर लिहून न्यावीत, नाहीतर कारकून ‘अशा कुणी नव्हत्या’ म्हणून मोकळा होतो. जन्मतारीख १ जून दिसली तर थांबावं. शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून गुरुजींनी सरसकट १ जून लावून दिलेल्या पिढ्याच्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत. पत्रिका किंवा जुनं बाड सापडलं तर खरी तारीख घ्यावी, नसेल तर ‘शाळेच्या दाखल्यानुसार’ असं स्पष्ट लिहावं. एसएससीच्या सालाचीही गंमत आहे. दहावीला एसएससी १९७५ पासून, त्याआधी ती अकरावीला असे. ‘१९६६ साली दहावीत पहिल्या आल्या’ असं छापलं की त्यांच्या वर्गातल्या आजी लगेच चूक काढतात.

हुद्द्याबाबतही सावध राहावं. जुन्या शाळांमधून समुपदेशक असं वेगळं पद फारसं नसे. बाई कागदोपत्री सहाय्यक शिक्षिका, मराठीचे नाहीतर भूगोलाचे तास सांभाळून व्यवसाय मार्गदर्शन करणाऱ्या. ‘समुपदेशन’ हा शब्द मागाहून रुळला. नेमणुकीच्या पहिल्या दिवसापासून त्यांना समुपदेशक म्हणणं चूक तर आहेच, शिवाय त्यात त्यांचं मोठं काम झाकलं जातं, की पद नसताना त्यांनी ते उभं केलं. वेळापत्रक मिळालं तर जरूर छापावं. आठवड्याचे किती तास शिकवण्याचे आणि मधल्या सुट्टीनंतर कोणता तास मोकळा ठेवलेला, हे एका चौकोनी कागदावर दिसतं.

सगळ्यात नाजूक काम माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींचं. ‘बाईंनी तुम्हाला कशी मदत केली?’ असं विचारलं की माणूस एकतर गप्प होतो, नाहीतर भरून येऊन नको तेवढं सांगतो आणि दुसऱ्या दिवशी पस्तावतो. त्यापेक्षा खोलीबद्दल विचारावं. टेबल मध्ये होतं की बाजूला? बसायला कुठे सांगायच्या? रडू आलं तर काय करायच्या? घंटा झाली तर वर्गशिक्षिकेला काय सांगून पाठवायच्या? अशा प्रश्नांतून बाईंची पद्धत हाती लागते आणि मुलाची अडचण त्याच्यापाशीच राहते.

नाव गाळलं म्हणजे ओळख लपली, असं होत नाही. ‘१९९४ ची दहावी ब, वडील एसटीत कंडक्टर, आई घर सोडून गेलेली’ एवढ्यावर अख्खा तालुका माणूस ओळखतो. साल, तुकडी, वडिलांचा धंदा, गाव यांतली एकच खूण ठेवावी. खुणा बदलून खोट्याही घालू नयेत, त्या भलत्याच कुणाला जाऊन चिकटतात. लिहिलेला मजकूर त्या व्यक्तीला परत पाठवून ‘छापायला हरकत नाही’ असं लेखी घ्यावं, मेसेजवर चालतं. आणि लैंगिक अत्याचाराचं काही आलं तर विषयच संपला. २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम २३ त्या मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरची माहिती, ओळख पटेल असं काहीच प्रसिद्ध करू देत नाही. स्मरणिकेत शाळेचं नाव तर पहिल्याच पानावर असतं.

घरच्या म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नये, खूण विचारावी. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा (१२ जुलै १९६१) आजी कुठे होती? कोयनेच्या भूकंपाच्या वेळी (११ डिसेंबर १९६७) लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात घरात कोण कोण होतं? उत्तरं पटापट येतात आणि सालं आपोआप जुळतात. दोन बहिणींना एकत्र बसवू नये, धाकटी बोलतच नाही.

घरातली आजी लिहिताना ‘तिच्या हाताला चव होती’ हे वाक्य सरळ खोडावं आणि तिची वाटी शोधावी. त्या वाटीत किती पाणी मावतं ते मापून घेतल्याशिवाय तिच्या कुठल्याही प्रमाणाला अर्थ नाही. चकलीच्या भाजणीला ४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद डाळ एवढं सगळ्यांना पाठ असतं. फरक मोहनात, म्हणजे पिठात घालायच्या गरम तेलात पडतो. ते जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी झालं की दातांची परीक्षा. आजी डोळ्यांनी मोहन घालत असेल, तर तिच्या हाताखाली काम केलेल्या सुनेने ते घालावं आणि दुसऱ्याने चमच्यांचा हिशेब लिहावा. स्मरणिकेत पाककृती घरातल्या बायकांनी एकदा करून बघितल्यावरच जावी.

वर्षश्राद्ध तिथीने येतं, तारखेने नव्हे. म्हणजे साधारण ११ दिवस आधी, आणि मध्ये अधिक मास असला (२०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे) तर १८-१९ दिवस उशिरा. तारखेवर विसंबून छपाईला दिलेल्या पुस्तिका जेवणावळी झाल्यावर घरी येतात. छापखान्याला एक महिना द्यावा, मजकूर गोळा करायला चार.

आकार ए-५, मधोमध पिन मारायची तर पानांची संख्या चारच्या पटीत, मुखपृष्ठ धरून ३२ पुष्कळ झाली. फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करावेत, पाठीमागची बाजूसुद्धा, कारण नावं तिथेच पेन्सिलीने लिहिलेली असतात. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढू नये, दात साफ करायचा धागा खालून हळू सरकवावा, नाहीच सुटला तर पानासकट स्कॅन करावं. व्हॉट्सॲपवर मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं बजावावं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ हे शब्द आधी तपासावेत, मोडतात ते तिथेच.

मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी पानं, दोघांनी वाचावीत. नातेवाइकांच्या यादीसाठी घरातली अशी व्यक्ती, जिचं सगळ्यांशी बोलणं चालू आहे. वेगळी झालेली सून आणि लग्नाआधी गेलेला दीर नेमके तिथेच गळतात. बाकी मजकुरासाठी घराबाहेरचं कुणीतरी, शक्यतो शाळेतली जुनी सहकारी.

शाळेला प्रत द्यायची ती ग्रंथपालांच्या हाती, आणि ग्रंथालयाच्या नोंदवहीत दाखल क्रमांक पडेपर्यंत तिथेच उभं राहून. नुसती भेट दिलेली प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात शाल-श्रीफळाशेजारी पडून राहते.