भूपाच्या शेजारचं गाणं

सोमवार, रात्र.

सकाळी मुलुंडहून धीमी लोकल. घाटकोपरला मेट्रोवाली मंडळी उतरली, तेव्हा कुठे हात वर नेऊन इअरफोन कानात घालता आला. दर सोमवारी स्पॉटिफाय 30 गाण्यांची नवी यादी देतं. 2015 पासूनचा त्यांचा हा शिरस्ता, आपल्याकडे 2019 मध्ये आला. एरवी चार-पाच गाणी ऐकून मी जुन्याकडे वळते. आज विद्याविहार गेलं आणि एक तंतुवाद्य सुरू झालं. पहिल्या ओळीतच अंगावर काटा आला. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. भूप रागच की! पण वाजवणारा इथिओपियाचा, वाद्याचं नाव क्रार, जेमतेम पाच-सहा तारांचं, आणि हा प्रकार तिझिता. अम्हारिक भाषेत तिझिता म्हणजे आठवण. दादरला उतरायचं राहूनच गेलं, परळहून मागे आले.

गेला महिनाभर मी गायिका किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकतेय. एक गाणं ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं, लोकांनी आपापल्या याद्यांत कोणती गाणी शेजारी शेजारी ठेवली, यावरून ही सोमवारची यादी बरीचशी जुळवली जाते. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी भूपाकडून या क्रारकडे गेलं असणार. कोण असेल? दिवसभर हिशेब तपासताना त्याच माणसाचा विचार येत होता.

लहानपणी बाबा काळा घोड्याला रिदम हाऊसमध्ये न्यायचे. काउंटरवरचे काका त्यांची आवड ओळखून होते. एखादी कॅसेट पुढे सरकवून म्हणायचे, "आधी हे ऐका." मन्सूरअण्णा, म्हणजे गायक मल्लिकार्जुन मन्सूर, आमच्या घरात आले ते तसेच. 2016 मध्ये ते दुकान बंद झालं. आज अगदी तसं, कुणीतरी माझ्यापुढे कॅसेट सरकवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी आईला ऐकवलं. तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "स्वर तेच गं, पण हा पंचमावर टेकतोय. आपला भूप गंधारावर रेंगाळतो. परत लाव बघू."

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा ती बरोबर गुणगुणत होती.

झोपायच्या आधी माझ्या यादीत किशोरीताईंच्या भूपानंतर लगेच ते ठेवलंय.