तुम्ही विचारलंत म्हणून: वेबसाइट कोणत्या गटात द्यावी आणि आम्ही काय बघतो

जानेवारी लागला की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येतो. "मॅडम, आमची वेबसाइट स्पर्धेत द्यायची आहे. कुठल्या गटात देऊ? आणि तुम्ही परीक्षक मंडळी नेमकं बघता काय?" विचारणारे कधी इचलकरंजीचे कापडवाले असतात, कधी एखाद्या गावच्या वाचनालयाच्या सचिव, कधी शेवटच्या वर्षाची कॉलेजची मुलं. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांपुरत्या होणाऱ्या एका स्पर्धेत मी सहा वर्षं परीक्षक आहे, आणि पोटापाण्यासाठी वेबसाइट बनवते. फोनवर घाईघाईत सांगितलेलं अर्धवट राहतं, म्हणून आज सगळं लिहून काढते.

आधी गटाचं. बहुतेक जण आपला धंदा बघतात आणि त्या नावाचा गट शोधतात. त्यापेक्षा तुमच्या पानावर येणारा माणूस काय करायला येतो ते बघा. एका गूळ व्यापाऱ्यांनी 'ऑनलाइन दुकान' गटात प्रवेशिका दिली होती. साइट मनापासून केलेली. चांगला गूळ कसा ओळखावा, रसायन घातलेला कसा दिसतो, कोणत्या हंगामातला टिकतो, सगळं सोप्या मराठीत. पण त्या गटात आम्ही परीक्षक खरोखर खरेदी करून बघतो. इथे 'ऑर्डर द्या' दाबल्यावर नुसता फोन नंबर यायचा, आणि तो दुपारी कुणी उचलेना. गुण गेले. 'माहिती आणि लोकशिक्षण' गटात तीच साइट पहिल्या तिनांत आली असती, याची मला आजही खात्री वाटते.

दुसरी गोष्ट, बरोबरी कुणाशी होणार. पहिल्या वर्षी सगळ्या संस्थांसाठी 'संस्था' हा एकच गट होता. तालुक्याच्या वाचनालयाची एका शिक्षकांनी सुट्टीत बसून केलेली सहा पानं एका बाजूला, आणि मोठ्या शिक्षणसंस्थेनं एजन्सीकडून करून घेतलेली साइट दुसऱ्या बाजूला. त्या बैठकीत मी भांडले. पुढच्या वर्षीपासून 'स्वतः केलेलं' असा वेगळा गट झाला: दोन माणसांपर्यंत, बनवण्याचे पैसे न घेतलेले. आज सगळ्यात जास्त जीव ओतलेल्या प्रवेशिका याच गटात येतात. वर्डप्रेसची (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरची) तयार थीम, म्हणजे आयता साचा, वापरली तर चालतं का, हेही याच गटातली मंडळी दबक्या आवाजात विचारतात. चालतं. फक्त अर्जात तसं लिहा. थीम लपवलेली कळते, आणि मग इतर दाव्यांवरही शंका येते.

बाकी नियम साधे आहेत. साइट सुरू असली पाहिजे, मालकाची लेखी संमती हवी, आणि लॉगिन लागत असेल तर परीक्षकांसाठी वेगळं खातं द्या. ज्या साइटशी माझा व्यवहाराचा संबंध आहे, तिच्या वेळी मी बैठकीतून उठते.

आता निकष. इथे मला थोडं मागे जावं लागेल, कारण पहिल्या वर्षी आमचं चुकलं होतं. जगात वेब डिझाइनच्या पुरस्कारांत 'अवॉर्ड्स' (इंग्रजीत Awwwards, शब्दात तीन डब्ल्यू असलेला, २००९ साली स्पेनमध्ये सुरू झालेला) फार मानाचा. त्यांची गुणांची विभागणी अशी: डिझाइन ४०, वापरायची सोय ३०, कल्पकता २०, मजकूर १०. आम्ही तीच जशीच्या तशी उचलली. आणि एका साइटला पहिला क्रमांक दिला, जिच्यावर बोट फिरवलं की चित्रं सरकत, अक्षरं उमलत. दोन महिन्यांनी गावाकडच्या एका आत्यांनी मला फोन केला. त्याच संस्थेच्या वसतिगृहात नातीला प्रवेश घ्यायचा होता, आणि फी किती ते त्या साइटवर त्यांना सापडत नव्हतं. मी स्वतः शोधायला बसले. मलाही सापडलं नाही. ज्या साइटला मी हातानं बक्षीस दिलं होतं, तिच्यावर फी लिहिलेलीच नव्हती.

अवॉर्ड्सचे निकष चुकीचे नाहीत. ते मुख्यतः डिझायनरनं डिझायनरच्या कामाची पारख करण्यासाठी आहेत, आणि तिथे ते शोभतात. वेबी या वेबसाइटसाठीच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांच्या सहा निकषांत मजकूर, रचना आणि दिशादर्शन, दृश्यरूप, चालतं का, देवाणघेवाण आणि एकूण अनुभव असं सगळं येतं. ते मला अधिक जवळचं वाटतं. पण तीन जिल्ह्यांच्या स्पर्धेत साइट ज्यांच्यासाठी आहे ती माणसं या तीन जिल्ह्यांतली आहेत. म्हणून आम्ही वाटणी बदलली: काम पुरं होणं ३५, मजकूर आणि मराठी २५, सगळ्यांना वापरता येणं २०, रूप २०.

काम पुरं होणं म्हणजे काय? प्रत्येक साइटसाठी आम्ही तीन कामं ठरवतो. फी शोधा. तक्रार नोंदवा. दुकान रविवारी उघडं असतं का ते सांगा. हे ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर करायचं नाही, असा माझा आग्रह आहे. स्वस्तातला अँड्रॉइड फोन, वायफाय बंद, आणि जमलं तर एसटी स्टँडवर उभं राहून. वेगाची कसोटीही यातच होते. पानातला मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, ही गूगलनं घातलेली मर्यादा आहे. ती लॅपटॉपवर सहज गाठली जाते. स्टँडवर गाठली तर कौतुक. गुण प्रत्येकानं एकट्यानं द्यायचे, मगच बैठकीला बसायचं. नाहीतर मोठ्या आवाजाच्या माणसाचे गुण सगळ्यांचे होतात.

आणि मराठी. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त गुण जातात आणि जाणाऱ्याला कळतही नाही.

यंत्राकडून भाषांतर करून घेतलेला मेनू पहिल्या नजरेत ओळखू येतो. मुख्य पानाच्या जागी 'घर', खरेदीच्या पिशवीच्या जागी 'गाडी'. असं दिसलं की मी थांबते, कारण ज्यानं हे वाचलंच नाही, त्यानं बाकीचं तरी वाचलं असेल का? मग अक्षरं. देवनागरीत शिरोरेषा हा शब्दाचा कणा आहे. रोमन लिपीची सवय असलेले डिझायनर अक्षरांमधलं अंतर वाढवतात, आणि शिरोरेषा जागोजागी तुटते. शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. हे दोन्ही दोष काढायला पैसे लागत नाहीत. मुक्ता आणि बलू हे मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेनं केलेले फाँट मोफत मिळतात. काही फाँटांत तर मराठी वळणाचा ल आणि श दडलेला असतो, पण पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच तो बाहेर येतो. राज्य शासनानं २००९ साली आणि पुन्हा २०२२ साली वर्णमालेचा निर्णय काढून हे वळण ठरवून दिलं आहे. मी कोड उघडून बघते. बहुतेक साइटवर भाषा 'इंग्रजी' अशीच लिहिलेली असते.

सगळ्यात हळवी जागा म्हणजे आपला ऱ्य. दर्या आणि दऱ्या यांत किती अंतर आहे, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण हा ऱ्य संगणकात दोन प्रकारे टाइप होतो, आणि दोन्ही दिसतात एकसारखे. संगणक मात्र त्यांना वेगळे धरतो. एका शेतीविषयक साइटच्या शोधपेटीत मी 'शेतकऱ्यांसाठी' टाकलं. उत्तर आलं: काहीही सापडलं नाही. तो शब्द त्याच पानाच्या मथळ्यात होता! मजकूर एका पद्धतीनं टाइप केलेला आणि माझा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा. शेतकऱ्यांसाठी केलेल्या साइटवर शेतकऱ्यांनाच शोधता येऊ नये, हे मला फार लागलं. तसंच अंकांचं. पिनकोडच्या चौकटीत कुणी ४१६००१ असं मराठी अंकांत लिहिलं, तर फॉर्म 'चुकीचा पिनकोड' म्हणतो, कारण फॉर्म तपासणारा नियम फक्त इंग्रजी अंक ओळखतो. चूक त्या माणसाची नसते. दोन्ही अंक स्वीकारायला प्रोग्रामरला चार ओळी लागतात.

सगळ्यांना वापरता येणं, या निकषासाठी आमच्यात एक दृष्टिहीन परीक्षक आहेत. ते एनव्हीडीए नावाचं, पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर वापरतात. त्यांच्या शेजारी बसून ऐकलं की डिझाइनकडे बघण्याची माझी पद्धतच बदलली. ग्रामपंचायतीच्या साइटवर ग्रामसभेची सूचना असते, पण ती सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो असते. त्यांच्या कानावर काय येतं? फाइलचं नाव आणि चार आकडे. खाली तीच सूचना टाइप करून ठेवली असती, तर काम झालं असतं. रंगांचंही मोजमाप आहे: साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ इतका फरक हवा. फिकट राखाडी अक्षरं डोळ्यांना मोहक वाटतात, पण उन्हात उभ्या माणसाला ती दिसत नाहीत.

सरकारी गटासाठी वेगळी पुस्तिका हवी का, असं हल्ली जास्त विचारतात. २०२५ मध्ये राज्याच्या १०० दिवसांच्या कार्यक्रमात सरकारी कार्यालयांच्या सात कलमांपैकी एक कलम संकेतस्थळाचं होतं, तेव्हापासून कार्यालयांतही या विषयाची चर्चा सुरू झाली. वेगळं काही नको. केंद्राची सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. तीच समोर ठेवा.

रूपाबद्दल मी थोडकंच सांगते, कारण त्याची काळजी सगळे आपणहून घेतात. आपल्या भागाचं रूप दाखवायचं म्हणून प्रत्येक साइटवर फेटा आणि कोल्हापुरी चप्पल लावायची गरज नाही. गेल्या वर्षी एका हातमाग संस्थेनं पानाला त्यांच्याच कापडाच्या काठाचा रंग घेतला होता, दुसरं काही सजवलं नव्हतं. त्यांना रूपाचे १८ गुण मिळाले.

अर्ज भरायच्या आधी एक करा. तुमची साइट घरातल्या कुणाच्या तरी फोनवर उघडून द्या, आई, काका, शेजारचे आजोबा, कुणीही. एक काम सांगा आणि स्वतः गप्प बसा. बोट दाखवायचं नाही. ते कुठे थांबले, काय पुटपुटले, कुठे मागे गेले ते कागदावर लिहा, जमेल तेवढं दुरुस्त करा, आणि तो कागद प्रवेशिकेला जोडा. अर्जात त्यासाठी रकाना नाही. तरी जोडा. मी तो सगळ्यात आधी वाचते.