एक हत्ती, एक घोडा आणि मुलांची मुंबई

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी बहीण तिच्या दोन्ही मुलांना घेऊन सांगलीहून आमच्याकडे ठाण्याला आली, तेव्हा मुंबई दाखवण्याच्या उत्साहात मी एका दिवसात सहा ठिकाणे बसवली होती. पहिलेच ठिकाण राणीची बाग होते आणि वार बुधवार होता. बुधवारी राणीची बाग बंद असते, ही गोष्ट इतकी वर्षे मुंबईच्या शेजारी राहूनही माझ्या लक्षात राहिली नव्हती. त्यानंतरच्या धावपळीत दुपारी दोन वाजता धाकटी भाची गेटवेपाशी माझ्या खांद्यावर झोपून गेली आणि सात वर्षांचा भाचा ‘घरी कधी जायचं?’ एवढा एकच प्रश्न विचारू लागला. उरलेली तीन ठिकाणे रद्द करून आम्ही परतलो आणि रात्री बहिणीने नियम घालून दिला, की यापुढे एका दिवशी एकच ठिकाण पाहायचे आणि जाण्यायेण्याचा प्रवासही सहलीतच धरायचा.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी आम्ही टॅक्सी न करता ठाण्याहून धीम्या लोकलने भायखळ्याला गेलो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली रेल्वेगाडी आली ती याच मार्गाने, हे सांगितल्यावर भाचा पूर्ण प्रवासभर खिडकीला चिकटून बसला. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे बागेचे आजचे नाव. १८६२ मध्ये ती सुरू झाली तेव्हा व्हिक्टोरिया गार्डन्स असे नाव होते, आणि तिथूनच ती लोकांच्या तोंडी ‘राणीची बाग’ झाली. मुलांना अर्थातच पेंग्विन पाहायचे होते. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथून हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आणण्यात आले आणि २०१७ मध्ये त्यांचे दालन लोकांसाठी खुले झाले. ‘पेंग्विन बर्फाशिवाय कसे राहतात?’ या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांनी आधीच तयार ठेवावे. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यांवर राहतात, तिथे बर्फ नसतो, परंतु किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड सागरी प्रवाहामुळे पाणी गार राहते. मुंबईच्या उकाड्यात मात्र तो गारवा यंत्रांनी राखावा लागतो. सुट्टीच्या दिवशी काचेसमोर फारसे थांबू दिले जात नाही, म्हणून सकाळी बाग उघडताच पेंग्विन पाहून घ्यावेत आणि गोरखचिंचेचे अवाढव्य खोड व इतर जुनी झाडे नंतर सावकाश पाहावीत.

परंतु मला स्वतःला या बागेतील सर्वांत महत्त्वाचे प्राणी वाटतात ते दोन न हलणारे. डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. भाच्याने जोडाच्या रेषा शोधण्यात चांगली पंधरा मिनिटे घालवली. दुसरा प्राणी म्हणजे सातव्या एडवर्डच्या पुतळ्यातील काळा घोडा. फोर्टमधील ज्या चौकाला लोक आजही ‘काळा घोडा’ म्हणतात, तिथून १९६५ मध्ये हा पुतळा हलवला गेला आणि इथे आला. संग्रहालय १८७२ पासून उघडे आहे, आणि आतील जहाजांच्या प्रतिकृती व जुन्या मुंबईतील माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती मुलांना मोठमोठ्या चित्रांपेक्षा कितीतरी अधिक आवडतात. संग्रहालयही बुधवारी बंद असते, हे वेगळे सांगायला नको.

मग हत्तीचे मूळ घर पाहण्याचा हट्ट सुरू झाला आणि रविवारी आम्ही घारापुरीला गेलो. (सोमवारी लेणी बंद असतात, या खेपेला मी दोनदा खात्री करून घेतली होती.) गेटवेहून बोटीला सुमारे एक तास लागतो आणि लहान मुलांच्या दृष्टीने खरी सहल हाच एक तास असतो: नांगरून ठेवलेली जहाजे, मागे लहान होत जाणारे ताजमहाल हॉटेल, आणि हिवाळा असेल तर बोटीचा पाठलाग करणारे कुरव पक्षी. लोक त्यांना शेव-वेफर टाकतात. आपण टाकू नये, तळलेले खाणे पक्ष्यांच्या हिताचे नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून माणसे दगावली होती, तेव्हा मुलांच्या मापाचे लाईफ जॅकेट मागून घेण्यात संकोच करू नये. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे, त्यापुढे शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात. वर माकडे आहेत आणि ती अत्यंत धीट आहेत. आमचा पुरी-भाजीचा डबा पिशवीतून बाहेर काढताच त्यातील दोन पुऱ्या गेल्या. मुख्य लेण्यातील सुमारे वीस फूट उंचीच्या त्रिमुखी सदाशिवासमोर भाची चक्क शांत उभी राहिली. त्यानंतर तिने विचारले, “मावशी, यांचा चौथा चेहरा मागे आहे का?” मूर्तिशास्त्राचे जाणकारही मागच्या, न दिसणाऱ्या मुखांचा विचार करतात, म्हणून तिचा प्रश्न मला मोलाचा वाटला.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राबद्दल थोडक्यात एवढेच सांगते, की १९८५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात बटणे दाबायला, चाके फिरवायला आणि दोऱ्या ओढायला पूर्ण मुभा आहे, त्यामुळे सहा वर्षांवरील मुलांना तिथे अर्धा दिवसही अपुरा पडतो. मॉलमधील तासावर पैसे आकारणाऱ्या खेळघरांपेक्षा ते मला शतपटीने सरस वाटते.

आता घोड्याविषयी. १९९९ पासून फोर्टमध्ये भरणारा काळा घोडा कला महोत्सव साधारण जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत नऊ दिवस चालतो आणि त्यात मुलांसाठी गोष्टी, कार्यशाळा व पुस्तकांचे स्वतंत्र कार्यक्रम असतात. प्रवेश विनामूल्य असल्यामुळे शनिवार-रविवारी संध्याकाळी कडेवरच्या मुलाला केवळ पाठी दिसतात, इतकी गर्दी होते. आठवड्यातील कामाच्या दिवशी दुपारी जावे. मूळ पुतळा गेल्यानंतर २०१७ मध्ये तिथे स्वार नसलेला नवा काळा घोडा उभारण्यात आला. बागेतला जुना आणि चौकातला नवा असे दोन्ही पाहिलेल्या मुलांना ‘माणूस कुठे गेला?’ हे आपोआप विचारावेसे वाटते. महापालिकेचे पुष्पप्रदर्शनही याच सुमारास राणीच्या बागेत भरते.

गणेशोत्सवात पाहुणे आले, तर लहान मुलांना लालबागच्या रांगेत तासन्‌तास उभे करण्याची कल्पना मी स्पष्टपणे नाकारते. त्यापेक्षा गिरगावातील केशवजी नाईक चाळीत जावे. १८९३ पासूनचा हा मुंबईतील सर्वांत जुना सार्वजनिक गणपती आहे. मूर्ती छोटी, आरास साधी, आणि मुलाला देवाजवळ जाऊन नीट पाहता येते. तिथून जवळच खोताची वाडी आहे. तिच्या लाकडी जिन्यांच्या घरांवरून रमतगमत चालत चौपाटीपर्यंत जावे आणि भेळ खाऊन चर्नी रोडहून लोकल पकडावी.

बहिणीने पुढच्या खेपेसाठी मे महिना ठरवला आहे. उन्हामुळे लेणी आणि पायऱ्या सकाळच्या पहिल्या बोटीनेच उरकाव्या लागतील, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी बहुधा हिवाळ्यावर ढकलावी लागतील. भाच्याची मागणी मात्र तीच आहे: हत्तीच्या पोटाखालचा एक जोड त्याचा मोजायचा राहिला आहे.